गाणं सोडून सगळं

बायोडेटा ही सॉलिड फसवी गोष्ट आहे. उंची, वजन, शिक्षण, अनुभव, हॉबीज… दोन पानांत अख्खा माणूस बसतो. म्हणजे, बसल्यासारखा वाटतो. तो हसतो कसा, फोनवर ‘हॅलो’ कसं म्हणतो, चिडला की त्याचा आवाज चढतो की एकदम खाली येतो, यातलं काहीही त्या दोन पानांत नसतं. (लग्नाच्या बायोडेटाबद्दल तर बोलायलाच नको!)

आज ज्याच्याबद्दल लिहितेय त्याचाही बायोडेटा एकदम टापटीप आहे. वाचा :

नाव : एम्बेरिझा अल्कोव्हेरी. मुक्काम : तेनेरिफे, कॅनरी बेटं, अटलांटिक महासागर. बांधा : भाऊबंदांपेक्षा दणकट. पाय : लांब. पंख : आखूड. सध्याची स्थिती : नामशेष. घराणं : गाणाऱ्या पक्ष्यांचं.

गोची आहे ती त्या शेवटच्या ओळीत. गाणाऱ्यांच्या घराण्यातल्या या पक्ष्याचं गाणं कसं होतं, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही. त्याचा फोटो नाही, चित्र नाही, म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेला नमुना नाही. आहेत ती फक्त हाडं. आणि तरी या हाडांनी इतकं काही सांगितलंय, की ऐकून आपण गार पडतो.

तर आधी पत्ता. कॅनरी बेटं स्पेनची, पण नकाशात बघाल तर मोरोक्कोच्या शेजारी, आफ्रिकेच्या कुशीत. सगळी समुद्रातून वर आलेली, ज्वालामुखीची लेकरं. तेनेरिफे हे त्यातलं सगळ्यात मोठं बेट, आणि त्याच्या मधोमध ३,७१५ मीटर उंचीचा तैदे हा ज्वालामुखी. युरोपातली मंडळी थंडीत इथे ऊन खायला येतात. बीचवर लोळतात आणि परत जातात. पण बेटाच्या उत्तरेला इकोद दे लोस व्हिनोस नावाचं गाव आहे, आणि त्या गावाजवळ आहे ‘कुएव्हा देल व्हिएन्तो’. म्हणजे वाऱ्याची गुहा.

ही गुहा पाण्यानं कोरलेली नाही. सुमारे २७ हजार वर्षांपूर्वी तैदेच्या शेजारच्या पिको व्हिएहोमधून लाव्हा वाहत खाली आला. दुधावर साय धरावी तसा त्याचा वरचा थर गार होऊन कडक झाला, आतला रस मात्र वाहतच राहिला. तो वाहून गेल्यावर मागे उरला पोकळ बोगदा. एक-दोन नाही, १७ किलोमीटरांहून लांब. एकावर एक अशा तीन मजल्यांचा. लाव्हाच्या बोगद्यांमध्ये युरोपातला सगळ्यात लांब.

अशा बोगद्यांचं छत मधूनमधून कोसळलेलं असतं. वरून चाललेला एखादा प्राणी त्यातून खाली पडला, की खेळ खल्लास. कधी शिकारी पक्षी आपलं भक्ष्य तिथे आणून खातात. आत ऊन नाही, पाऊस नाही. त्यामुळे हाडं हजारो वर्षं पडून राहतात. आणि ज्याला पंखांनी उडून परत वर येता येत नाही, त्याच्यासाठी तर असं भगदाड म्हणजे वन वे तिकीटच.

तेनेरिफेवरच्या एका ज्वालामुखी गुहेतच आपल्या हीरोचा एक अर्धवट सांगाडा आणि काही सुटी हाडं सापडली. हुआन कार्लोस रांदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘द काँडोर’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्याची ओळख जगाला करून दिली. मायोर्का बेटावरचे जीवाश्म अभ्यासक जोसेप आन्तोनी अल्कोव्हेर यांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं एम्बेरिझा अल्कोव्हेरी. इंग्रजीत त्याला ‘लाँग-लेग्ड बंटिंग’ म्हणतात. बंटिंग म्हणजे आपल्याकडचा भारीट. म्हणून आपण त्याला म्हणू या लंबूटांग्या भारीट. (हे बारसं माझं. शास्त्रज्ञांनी रागावू नये.)

आता हाडांवरून काय काय कळतं? ‘सीआयडी’मधल्या डॉ. साळुंखेंना आठवा. अगदी तोच प्रकार, फक्त इथे दया दरवाजा तोडत नाही. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला मधोमध एक उभी पट्टी असते, होडीच्या तळाला असते ना, तशी. रविवारी चिकन खाताना तुम्ही ती नक्की पाहिली असेल. उडण्याचे दणकट स्नायू त्या पट्टीला धरून असतात. या भारीटाच्या छातीच्या हाडाची ही पट्टी आणि पंखांची हाडं तपासली गेली. मग शरीराच्या वजनाचा अंदाज काढला आणि एवढं वजन एवढ्याशा पंखांवर पेलेल का, याचं गणित मांडलं. उत्तर आलं : नाही. हा पक्षी उडत नव्हता. लांब पायांवर जमिनीवरच तुरुतुरु फिरत होता.

ही साधी बातमी नाही, बॉस! चिमणी, बुलबुल, दयाळ, कावळा हे सगळे ज्या मोठ्या गटात येतात, त्यात जगातल्या पक्ष्यांच्या निम्म्याहून जास्त जाती आहेत. या एवढ्या गर्दीत न उडणारे म्हणून ओळखले गेलेले निव्वळ बोटांवर मोजण्याइतके. न्यूझीलंडमधले काही चिमुकले ‘रेन’ आणि हा. त्यातही न्यूझीलंडचे रेन हे गाणाऱ्यांच्या मुख्य घराण्यातले नव्हेतच, फार पूर्वी फुटून निघालेली वेगळी शाखा ती. म्हणजे गाणाऱ्यांमधला हा वल्लीच म्हणायचा.

हे सगळं मी एचआरमध्ये काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला रंगवून सांगितलं, तर तिनं लगेच मॅनेजमेंटचा फंडा काढला. ‘‘बघ, यालाच म्हणतात कम्फर्ट झोन! पंख वापरले नाहीत, पंख गेले. मग माणूस पण गेला.’’

‘‘पक्षी,’’ मी म्हटलं.

‘‘तेच गं.’’

फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला कम्फर्ट झोनवर लेक्चर देऊ नये, हा एक भाग. पण मुळात हा फंडाच चुकीचा आहे. वापरले नाहीत म्हणून पंख झडत नाहीत. उडणं हा भयंकर महागडा कारभार आहे. त्या स्नायूंना सतत खुराक लागतो. आपण वर्षानुवर्षं न गेलेल्या जिमची फी भरत राहतो, निसर्ग भरत नाही. बेटावर मांजर नाही, कोल्हा नाही, मुंगूस नाही. दाणापाणी जमिनीवरच. अशा ठिकाणी ज्यांचे पंख जन्मतःच थोडे आखूड निघाले, त्यांचं काहीच अडलं नाही, उलट वाचलेली ताकद दुसऱ्या कामी आली. पिढ्यान्‌पिढ्या हेच होत गेलं. यात आळस कुठे आला? त्या जागेपुरता, त्या काळापुरता तो अगदी हुशारीचा सौदा होता.

आणि बेट काही रिकामं नव्हतं हं! तेनेरिफेवर तेव्हा साधारण किलोभर वजनाचा एक मूळचा उंदीर होता, कॅनारिओमिस नावाचा. अजस्र सरडे होते. त्यांच्याबरोबर भारीटानं जमवून घेतलेलं होतं. सौदा फिसकटला तो बाहेरचे पाहुणे आल्यावर.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून माणसं या बेटांवर येऊन राहिली. तेनेरिफेवरच्या या लोकांना ग्वांचे म्हणतात. त्यांच्यासोबत शेळ्या-मेंढ्या आल्या, डुकरं आणि कुत्री आली, आणि न बोलावता आला घरातला छोटा उंदीर. मग पंधराव्या शतकात स्पेनमधून कॅस्टिलचं सैन्य आलं. १४९६ मध्ये तेनेरिफे त्यांनी पूर्ण जिंकलं. त्यानंतर जहाजांमधून आणखी उंदीर आणि मांजरं उतरली, जंगल तुटून शेती आली. या बेटांवरून जे जे गेलं, त्याचा संबंध अभ्यासक माणसाशी आणि माणसासोबत आलेल्या या वऱ्हाडाशी जोडतात. ज्याचं घरटं, पिल्लं, अख्खा संसार जमिनीलगत आणि ज्याला उडून सटकताही येत नाही, त्याचा नंबर या यादीत लागणारच होता.

तो एकटाच गेला असंही नाही. ला पाल्मा या बेटावरचा एक ग्रीनफिंच हाडांवरून १९८७ मध्ये ओळखला गेला. तेनेरिफेवरचाच, सडपातळ चोचीचा आणखी एक ग्रीनफिंच २०१० मध्ये. अझोर्सच्या ग्रासिओझा बेटावरचा एक थोराड बुलफिंच २०१७ मध्ये. तिघेही गाणाऱ्यांच्या घराण्यातले, तिघांचीही फक्त हाडं. एखाद्या संगीत महोत्सवाला जावं आणि मंचावर नुसते रिकामे सतरंज्या-तक्के दिसावेत, असं काहीसं ही यादी वाचताना होतं.

आता या गोष्टीतली खरी जखम. जगातला सगळ्यात फेमस गाणारा पक्षी कोणता? कॅनरी! तो कुठला? याच बेटांवरचा (अझोर्स आणि मदेरावरही तो आहे). नावच मुळी बेटांवरून पडलं. स्पॅनिश लोकांनी त्याला पिंजऱ्यात घालून युरोपात नेलं, त्याच्या गळ्यासाठी जर्मनीत खास वाण तयार झाले, राजवाड्यांपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत त्याचे पिंजरे टांगले गेले. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूचा इशारा द्यायला तर तो १९८६ पर्यंत ड्युटीवर होता. एकाच बेटावरचे दोन गवई. एकाचं गाणं जगभर पोचलं. दुसऱ्याच्या गाण्याचा एक सूरही मागे राहिला नाही.

तुम्ही म्हणाल, हाडांवरून एवढं कळतं तर गाणं का नाही? एआय आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, करा की काहीतरी!

मलाही तसंच वाटलं होतं. पण पक्ष्याचा गळा आपल्यासारखा नसतो. आपला आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला तयार होतो, पक्ष्याचा खालच्या टोकाला, जिथे ती दोन फुप्फुसांकडे दुभंगते तिथे. त्यामुळे गाणारे पक्षी एकाच वेळी दोन वेगळे सूरही काढू शकतात. कुठल्याही रिअॅलिटी शोच्या जजनं खुर्चीतून उठावं असा प्रकार! पण हा अवयव, सिरिंक्स, मुख्यतः कूर्चा आणि नाजूक पडद्यांचा. तो क्वचितच टिकतो. अंटार्क्टिकातल्या एका प्राचीन पक्ष्याचा टिकलेला सिरिंक्स सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, तर ती जगभरातली बातमी झाली.

आणि समजा, भारीटाचा सिरिंक्स उद्या सापडलाच, तरी? वाद्य मिळेल हो. चीज नाही मिळणार. गाणारे पक्षी गाणं पोटातून घेऊन जन्माला येत नाहीत, ते शिकतात. पिल्लू आधी ऐकतं. बापाचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. मग पुटपुटायला लागतं, चुकतं, परत म्हणतं, आणि महिन्यांनी कधीतरी त्याचं गाणं जमतं. अक्षरशः गुरू-शिष्य परंपरा. म्हणून त्यांच्यातही बोलीभाषा असतात. आपल्या भारीटाचा जिवंत चुलतभाऊ आहे, यलोहॅमर. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी त्याला इंग्लंडहून न्यूझीलंडला नेऊन सोडलं. अलीकडे अभ्यासकांनी दोन्हीकडची गाणी ताडून पाहिली, तर न्यूझीलंडमध्ये अशा बोली सापडल्या ज्या खुद्द ब्रिटनमध्ये आता ऐकू येत नाहीत. तंजावरच्या मराठीत आपल्याकडे हरवलेले शब्द सापडतात, तसंच.

मग परंपरा तुटली की काय होतं? ऑस्ट्रेलियातला रिजंट हनीईटर बघा. काळा-पिवळा, दिसायला एकदम राजस, पण उरलेत काही शेच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की त्यांचे काही नर स्वतःचं गाणं गातच नाहीत, भलत्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी म्हणतात. कारण वयात येताना आसपास शिकवायला जातभाई उरलेला नव्हता. जे कानावर पडलं ते उचललं. अशा नरांना जोडीदारही कमी मिळतात. म्हणजे पक्षी अजून जिवंत आहे, फांदीवर बसलाय, तोंड उघडतोय… आणि गाणं आधीच निघून चाललंय. आता तिथे पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना अस्सल गाणं ऐकवून शिकवण्याचं काम सुरू झालंय. पक्ष्यांचा क्लासच म्हणा ना!

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच झाले. लंबूटांग्या भारीटाचं गाणं कधी संपलं असेल, असा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आपला तो शेवटचा पक्षी यायचा. पण गाणं बहुधा त्याच्याही आधी विरत गेलं असेल. ऐकणारी पिल्लं कमी, गाणारे बाप त्याहून कमी.

मास कॉमला आम्हाला रेडिओच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘रूम टोन’ घ्यायला शिकवलं होतं. म्हणजे, कुणीही बोलत नसताना त्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवायचा. एडिटिंगला लागतो. तेव्हा आम्ही त्यावर खूप जोक मारले होते : शांतता कसली रेकॉर्ड करायची! आता वाटतं, या पक्ष्यावर कुणी रेडिओ डॉक्युमेंटरी करायला घेतली, तर त्याच्याकडे फक्त रूम टोनच असेल. लाव्हाचा बोगदा आणि आत फिरणारा वारा.

बरं, ग्वांचे लोकांनी तरी हे गाणं ऐकलं असेल ना? या पक्ष्याला त्यांचा काही शब्द असेल ना? पण त्यांची भाषाही गेली. स्पॅनिश अमलाखाली ती बोलणं संपलं. उरली काही गावांची, डोंगरांची नावं आणि थोडे शब्द. तिचंही झालं हाडांसारखंच.

एक गोष्ट मात्र वाचली. तेनेरिफेच्या शेजारी ला गोमेरा नावाचं छोटं बेट आहे. खोल दऱ्यांचं. इकडच्या डोंगरावरून तिकडच्या डोंगरावर निरोप द्यायला तिथले लोक शिट्टी मारतात. नुसती ‘ए, इकडे बघ’वाली नाही, पूर्ण वाक्यं! मूळच्या रहिवाशांची ही कला पुढे स्पॅनिश बोलणाऱ्यांनी उचलली. तिला म्हणतात सिल्बो गोमेरो. स्पॅनिशमधल्या पाच स्वरांसाठी दोन शिट्ट्या, व्यंजनांसाठी चार, आणि निरोप थेट दरीपार. रस्ते आले, फोन आले, तरुण पोरं कामासाठी बेट सोडून गेली, आणि शिट्टी म्हाताऱ्यांपुरती उरत चालली. मग तिथल्या सरकारनं ती शाळेत सक्तीची केली. २००९ मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आज तिथली शाळकरी पोरं वर्गात तोंडात बोटं घालून धडा गिरवतात. आपल्याकडे यासाठी बाईंनी वर्गाबाहेर काढलं असतं!

शाळेत ती सक्तीची झाली ते वर्ष होतं १९९९. एका बेटावर एका पक्ष्याच्या हाडांना नाव मिळालं, त्याच वर्षी शेजारच्या बेटावर शिट्टी टाइमटेबलमध्ये आली. निव्वळ योगायोग आहे, माहितेय. पण मला तो आवडतो.

आता थोडं घरचं. एम्बेरिझा कुळातले पाहुणे आपल्याकडेही येतात. काळ्या डोक्याचा भारीट दर हिवाळ्यात पार आग्नेय युरोप आणि इराणच्या बाजूनं हजारो किलोमीटर उडत महाराष्ट्रात उतरतो. ज्वारीच्या शेतांमध्ये त्यांचे थवेच्या थवे असतात. माणूस जवळ गेला की अख्खा थवा एकदम उठतो, पिवळी लाट हवेत वळते आणि चार शेतं पलीकडे पुन्हा ज्वारीत बुडते. या पठ्ठ्याचा चुलतभाऊ कधीकाळी उडणंच सोडून बसला होता, यावर विश्वास बसू नये असं ते उडणं असतं.

पण गंमत बघा, यांचंही खरं गाणं आपल्याला सहसा ऐकायला मिळत नाही. आपल्याकडे ते खायला आणि थंडी काढायला येतात. इथे नुसतं ‘टिक टिक’ आणि थव्यातली कुजबुज. गाणं राखून ठेवलेलं असतं वसंतात परत गेल्यावर, आपल्या गावी, झुडपाच्या शेंड्यावर बसून गायला. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते लोकलमध्ये, हेडफोनवर, तिकडे कुणीतरी रेकॉर्ड करून नेटवर टाकलेलं. जेमतेम काही सेकंदांचं. सुरुवातीला अडखळल्यासारखं, मग एकदम खाली घसरत येणारं. दादर कधी गेलं कळलंच नाही, थेट माटुंग्याला उतरले.

ते गाणं दर मे महिन्यात तिकडे कुणीतरी गातंय आणि घरट्यातलं कुणीतरी ऐकतंय. तेवढ्यावरच सगळा कारभार चालू आहे.

येत्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजूला ज्वारीच्या शेतात जायचा प्लॅन आहे. तोपर्यंत नरांची डोकी काळी व्हायला लागलेली असतात. गाडीत दोन सीट्स रिकाम्या आहेत, पहाटे पाचला निघायचं, हुरडा माझ्याकडून. गाणं ऐकायला मिळणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.